वळणावरचा काळा झेंडा

प्रिय बाबल,

तुला मी आजवर साधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. गरजच काय होती? हाक मारली की तू गाडीखालून तेलकट तोंड बाहेर काढायचास, "काय, मिस्त्री?" आता हाक पोचत नाही, म्हणून लिहितोय. आज शुक्रवार, दुपारची वेळ. गॅरेज बंद आहे. दार अर्धं ओढून बाकावर बसलोय आणि पुढ्यात एक यादी पडली आहे.

महाराष्ट्र राज्य झालं, बाबल! लालबागेत दिवाळीला लागले नसतील एवढे दिवे लागले. आता आपल्या चाळीतल्या ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, गोळ्या झेलल्या, त्यांच्या नावांची पाटी जिन्याच्या तोंडाशी लावायची ठरली आहे. परवा रविवारी सभा. नावं रंगवायचं काम अर्थातच माझ्याकडे. गाड्यांवर नंबर रंगवून रंगवून माझा हात बसलाय, आणि मी एका वेलांटीचीही चूक होऊ देत नाही हे सगळ्या चाळीला ठाऊक आहे.

यादीत अकरा नावं आहेत. नववं माझं. 'अनंत मिस्त्री, जुहू येथे लाठीमारात जखमी.'

तुझं नाव नाही.

तुझं नाव नाही! गोळीबाराच्या दिवशी ज्यानं रुस्तम शेठची मोठी गाडी त्यांना न विचारता बाहेर काढली, तीन खेपांत सात माणसं परळच्या इस्पितळात पोचवली, तिसऱ्या खेपेला डाव्या हातातून गोळी आरपार गेली तरी त्याच हातानं गिअर टाकत गेला, त्याचं नाव नाही. मी कमिटीत विचारलं. म्हणजे, विचारल्यासारखं केलं. "बाबलचं राहिलं का रे?"

"राहिलं नाही, काढलं," चिटणीस म्हणाला. "ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांच्या मंत्र्याच्या हातून कप घ्यायला गेला होता तो."

"आणि तिथं तरी काय दिवे लावले?" मागून कोणीतरी बोललं. "भर शर्यतीत घाबरला आणि ब्रेक मारला. म्हणे शूर!"

सगळे हसले. मीही ओठ हलवले, बाबल. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

म्हणून लिहितोय. तू घाबरून ब्रेक मारला नाहीस, हे या मुंबईत एकाच माणसाला माहीत आहे. आणि तो माणूस दोन वर्षं तोंड शिवून बसलाय.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा कॉटन ग्रीनच्या गोदामांवर लॉरी चालवत होतास. विशीतला, अंगानं काडी, आणि गिअर असा टाकायचास की जणू कुणाच्या थोबाडीत मारतोयस! मी म्हणालो, "मेल्या, गिअर मागून घ्यायचा असतो, हिसकावून नाही." तू हसलास आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन माझ्याकडे राहिलास.

मी चौथी शिकलेला. इंग्रजी शिकलो ते सुट्या भागांच्या जाड पुस्तकांतून, एका हातात डिक्शनरी धरून. टॅपेटचं अंतर किती ठेवायचं, प्लगची ठिणगी कोणत्या रंगाची हवी, हे मला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. जे मिळवलं ते मी हात भाजून मिळवलं. आणि ते सगळं तुला दिलं. दिलं की नाही?

रुस्तम शेठची ती लाल दोन सीटची गाडी माझ्याकडे यायची. शेठ जुहूच्या विमानतळावर हौसेनं शर्यतीत उतरायचे आणि दर वेळी शेवटून पहिले यायचे. एकदा त्यांची कंबर धरली. म्हणाले, "मिस्त्री, मारी कमर गेली. तुजा हा बाबल चालवेल काय?" त्या दिवशी तू दुसरा आलास. पुढच्या वेळी पहिला. मग काय विचारता! पैसेवाल्यांची पोरं, संस्थानिकांची पोरं, आणि त्यांच्या पुढं गिरणीतल्या मुकादमाचा, साध्या जॉबरचा मुलगा! लालबाग-परळहून लॉऱ्या भरभरून माणसं यायची. ज्यांनी जन्मात सायकल चालवली नाही ते गिरणीत साच्यावर, मागापाशी उभं राहून तुझ्या वळणांवर वाद घालायचे.

सराव आपण वडाळ्याला करायचो, मिठागराच्या रस्त्यावर, उजाडता उजाडता. मी वळणावर उभा. गाडी लांबून येताना डोळे मिटून इंजिन ऐकायचो. जरा काही खटकलं, बेअरिंग बोललं, एखादा सिलिंडर चुकला, की काळा झेंडा वर. झेंडा म्हणजे काय, तर माझ्या फाटक्या छत्रीचं कापड, काठीला बांधलेलं. तू डावा हात उंच करायचास, म्हणजे 'समजलं', आणि तिथल्या तिथं थांबायचास.

एकदा थांबला नाहीस. तुला वाटलं एवढी फेरी होईल. बेअरिंग फुटलं, गाडी मिठागराच्या चिखलात शिरली, आणि तू थोडक्यात वाचलास. मी चिखलातून तुला कॉलर धरून ओढलं आणि शेठच्या देखत तुझ्या कानाखाली अशी वाजवली की तुझ्या नाकातून रक्त आलं. "काळं दिसलं आणि थांबला नाहीस तर पुढच्या वेळी तंगडं मोडीन!"

तू नाक पुसलंस. "मिस्त्री, ह्याच्यापुढे काळो झेंडो दिसलो की आदी थांबतलंय, मग इचारतलंय."

आणि तू पाळलंस. लेका, एवढं का पाळलंस?

मग ते दिवस आले. ट्रामवर दगड, अश्रुधूर, आपल्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांच्या व्हॅन. तुझ्या हातात गोळी घुसली. हात वाचला, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही ताठ झाली ती कायमची. शर्यत सुटली. मंत्री कुठंही आला की आम्ही काळे झेंडे घेऊन जायचो. माझं छत्रीचं कापडही त्यात गेलं. दोन वर्षांत गिरणगावात काळ्या झेंड्याला एकच अर्थ उरला. निषेध. दुसरा काही अर्थ कधी होता, हेच मी विसरून गेलो.

आणि बातमी फुटली की बाबल पुन्हा उतरणार! रुस्तम शेठनं गाडी तयार केली, शर्यतीच्या क्लबनं नाव घेतलं, आणि कप कोण देणार? मंत्री!

तुला खरंच कळलं नव्हतं का काय पेटणार ते?

चाळ उभी चिरली गेली. एका भिंतीवर डांबरानं 'बाबल परत ये', समोरच्या भिंतीवर 'बाबल लाज बाळग'. पहिल्या बाजूचा म्होरक्या शांताराम. साचेवाला शांताराम, ज्यानं तुझी प्रत्येक शर्यत पाहिली होती. दुसऱ्या बाजूचा मी. नळावर बायकांनी एकमेकींच्या कळशा फोडल्या. एका सख्ख्या भावानं भावाच्या पाठीवर गरम चहा ओतला. तुझ्या दारावर कोणी शेण मारलं. ते मी मारलं नव्हतं. पण कोणी मारलं ते मला माहीत होतं आणि मी त्याला पान खिलवलं होतं.

शांताराम म्हणायचा, "अरे, त्याच मंत्र्याच्या नाकासमोर आमचो माणूस पयलो येतलो! त्याच्यासारखो दुसरो निषेध खंयचो?"

मी म्हणायचो, "कप हातात घेताना वाकावं लागेल की नाही? वाकणार तो. ज्यांच्या गोळीनं बोटं गेली त्यांच्यापुढं वाकणार."

"तुका वाकण्याचा दुःख नाय, मिस्त्री. तुका इचारल्याशिवाय गाडी बांधली, त्याचा दुःख आसा."

मी त्याला पान्यानं मारलं. नाक्यावर, सोड्याच्या दुकानासमोर, सगळ्यांच्या देखत. बारा नंबरचा पाना. त्याचा जबडा मोडला तो आवाज मी ऐकला, बाबल, आणि मला बरं वाटलं. मग बाटल्या फुटल्या. त्याच्या बाजूच्यांनी माझ्या बाजूच्याचा कान फाडला. आमच्याकडच्यानं फुटकी बाटली एकाच्या मांडीत खुपसली. ज्या गल्लीनं तुझ्या नावानं गुलाल उधळला होता त्याच गल्लीत तुझ्याच नावानं रक्त सांडलं. पोलिस आले तेव्हा त्यांना वाटलं हेही संयुक्त महाराष्ट्राचंच काहीतरी आहे. दोन्ही बाजूंना सारखंच झोडपलं.

शांताराम खोटं बोलला का? नाही. तेच तर झोंबलं.

पण न विचारता बांधली हे मात्र बरोबर नाही. तू आधी माझ्याकडेच आला होतास. ते शांतारामला ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. तू या इथं, याच बाकावर बसलास, आणि डावा हात पुढं केलास. "मिस्त्री, गिअरची मूठ मोठी करून दी. ही दोन बोटां वळत नाय. तीन आसत मां?"

"मंत्र्यापुढं नाचायला मूठ हवीय होय?"

तू हात मागं घेतलास. "कप मी घेवचंय नाय. जिंकतलंय आणि तसोच घराक येतलंय. ह्या तू कोणाक सांगा नको, नायतर क्लबवाले उतरूक देवचे नाय."

हे मी ऐकलं, बाबल! या दोन कानांनी ऐकलं. आणि विश्वास ठेवला नाही. ठेवायचाच नव्हता. म्हणालो, "नीघ. माझ्या पान्याला हात लावू नकोस." तू गेलास आणि शेठच्या गिरगावच्या गॅरेजातल्या पीटरकडून लाकडी मूठ करून घेतलीस, तळहातात बसेल अशी, भोवऱ्याएवढी. पुढं मी ती पाहिली. काम चांगलं होतं. माझ्याहून चांगलं नाही, पण चांगलं.

आता तो दिवस. नीट लिहितो. वर्तमानपत्रानं छापलं, पाचव्या फेरीत अपघात झाला. मी संपादकाला पत्र पाठवून दुरुस्त केलं: पाचव्या नव्हे, सहाव्या. ते त्यांनी छापलंही. फेरीचा आकडा मी दुरुस्त केला आणि बाकी सगळं खोटं तसंच राहू दिलं. असा मी काटेकोर!

आम्ही तीसेक जण शर्टाखाली झेंडे गुंडाळून गेलो होतो. मंत्री उशिरा आला, शर्यत चालू असताना. मंडपापाशी त्याची गाडी थांबली तसे झेंडे बाहेर निघाले. घोषणा इंजिनांच्या आवाजात बुडाल्या. पण लाठ्या काही बुडाल्या नाहीत. पहिली माझ्या खांद्यावर पडली, दुसरी कानावर. माझ्या शेजारचा म्हातारा विणकर तोंडावर पडला. त्याचे दात मी धावपट्टीच्या कडेला पाहिले. मी धावलो. कुंपणाच्या कडेनं, हातात झेंडा तसाच, थेट समुद्राच्या बाजूच्या वळणापर्यंत. तिथं क्लबचा झेंडेवाला असायला हवा होता. तो मंडपाकडची मारामारी बघायला पळाला होता. वळणावर मी एकटा. कानातून रक्त मानेवर येत होतं.

आणि तू येताना ऐकू आलास.

डोळे आपोआप मिटले. काय गाडी होती, बाबल! एक ठिणगी चुकत नव्हती. चारही सिलिंडर एका गळ्यानं गात होते. गिअर खाली आला तो लोण्यात सुरी जावी तसा. दोन बोटं न वळणाऱ्या हातानं! इतक्या वर्षांत तू एवढी सुरेख कधी चालवली नव्हतीस. आणि त्यात माझं काही नव्हतं. एक स्क्रू माझा नव्हता.

माझ्या मनात तेव्हा काय होतं? दोन वर्षं हे वाक्य मी टाळतोय. मला तुझा धिक्कार करायचा होता. मंत्र्याला दाखवतात तसा तुला काळा झेंडा दाखवायचा होता, तुझ्या तोंडावर, तुला माझं तोंड दिसेल असा. थांबवायचं नव्हतं. थांबशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जखमी माणूस, रागावलेला माणूस, काय काय म्हणता येईल. पण झेंडा मी मारामारीच्या भरात उचलला नाही. दोन पावलं पुढं गेलो, पाय रोवले, आणि उचलला.

तू मला पाहिलंस.

तुझा डावा हात वर गेला. दोन बोटं ताठ. 'समजलं.'

तेव्हा आठवलं, बाबल! त्या क्षणी, आधी नाही. वडाळा, मिठागर, छत्रीचं कापड, तुझ्या नाकातलं रक्त, सगळं एकदम. मी झेंडा खाली फेकला, ओरडलो, "जा! जा!" पण तुला काय ऐकू येणार? तू ब्रेक दाबला होतास. आधी थांबायचं, मग विचारायचं.

मागची पांढरी गाडी तुझ्या पाठीवर आदळली. तुझी लाल गाडी उभी राहिली, अगदी माणसासारखी उभी राहिली, आणि वळणावर लावलेल्या तेलाच्या पिंपांवर उलटी पडली. पत्रा फाटतानाचा तो आवाज मी आजही पत्रा कापायला घेतला की ऐकतो. एक पिंप गडगडत माझ्या पायाशी आलं. चाक फिरतच होतं.

मी तुला ओढून काढलं. स्टीअरिंग छातीत गेलं होतं. तोंडात रक्ताचा फेस. तू डोळे उघडलेस आणि मला ओळखलंस. आणि विचारलंस, कारण थांबून झालं होतं आणि आता विचारायची वेळ होती:

"काय बिघडला, मिस्त्री?"

मी काय म्हणालो ठाऊक आहे? ऐकलंस का ते? मी म्हणालो, "काही नाही रे. गाडी झकास आहे."

तू माझ्याकडे बघत राहिलास. तुला काय वाटलं? शेवटी काय वाटलं तुला? मिस्त्रीनं मस्करी केली? मिस्त्री चुकला? की सगळं समजलं? समजलं असेल तर एक शिवी तरी द्यायचीस! शिव्या द्यायला तुला कधी अडलं होतं?

माणसं धावत येईपर्यंत तू गेलेला होतास. त्याआधी मी काय केलं तेही लिहितो. झेंडा उचलला आणि गवताच्या गंजीखाली खुपसला. मग परत येऊन तुझं डोकं मांडीवर घेतलं. लोकांनी तेवढंच पाहिलं. "मिस्त्री बघा, भांडण विसरून पहिला धावला!" माझ्या कानातलं रक्त, तुझं रक्त, सगळं एकच झालेलं. मला कोणीतरी पाणी पाजलं.

क्लबनं चौकशी केली. पांढऱ्या गाडीचा पोरगा म्हणाला, पुढच्यानं कारण नसताना ब्रेक मारला. झालं! जखमी हात, दोन वर्षांचा खंड, ऐन वळणावर धीर सुटला. तुझ्या मरणानं आमची बाजू जिंकली, बाबल. डांबरानं लिहिलेलं 'परत ये' लोकांनी स्वतःच खरवडून काढलं. मला चाळीत मान आला. "मिस्त्रीनं आधीच सांगितलं होतं." मी मान डोलवायचो. जाणत्या माणसासारखा!

शांताराम बाराव्याला आला, जबड्याला पट्टी. नीट बोलता येत नव्हतं. "तुझा बरोबर होता, मिस्त्री. आमीच त्याका ढकललाव." आणि माझ्या गळ्यात पडून रडला. ज्याचा जबडा मी मोडला तो माझ्या खांद्यावर रडला, आणि मी त्याची पाठ थोपटली! त्यानंतर तो कुठल्या शर्यतीला गेला नाही. परवा कमिटीत ते सगळे हसले तेव्हा तो न बोलता उठून बाहेर गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलेन अशा आशेनं.

पण खरं तर हे पत्र शांतारामसाठी नाही. कमिटीसाठीही नाही. सुमनसाठी आहे.

तुझी बायको अजून गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला जाते. दोन वर्षं मी तिला वाण्याकडे, नळावर, जिन्यात टाळत आलो. गेल्या आठवड्यात टाळता आलं नाही. तिचा भाऊ बोटीवरच्या नोकरीला निघाला होता. सगळी चाळ खाली जमली, कोण म्हणतंय जपून जा, कोण म्हणतंय पत्र पाठव. सुमन उभी होती आणि तिनं तोंडातून एक शब्द काढला नाही. भाऊ पाया पडला, तरी नाही. तो गेल्यावर मी विचारलं, "काय गं, भावाला नीट जा तरी म्हणायचंस?"

माझ्याकडे न बघता ती बोलली. "मी जाताना बोललंय की माणूस परत येणा नाय. त्या दिवशी सकाळी मी त्यांका म्हटलंय, हात थरथरता तुमचो, जाव नकात. ते हसले. पण भीती मीच घातलंय ना मनात? वळणावर तीच वर इली. मीच मारलंय त्यांका, मिस्त्री."

जिन्यात मी उभा. तोंड उघडलं की संपलं असतं. मी म्हणालो, "असं म्हणू नये." आणि वर निघून गेलो.

असं म्हणू नये! दोन वर्षं ती बाई रोज उठून साच्यांच्या गदारोळात उभी राहते आणि मनात स्वतःला खुनी म्हणते. आणि खुनी दोन मजले वर भाकरी खातो! यापेक्षा शांतारामनं पान्यानं माझा जबडा फोडला असता तर बरं.

खुनी हा शब्द मी खूप वेळ पारखला. झेंडा दाखवला तो खून नव्हता. ती चूक होती, रागानं केलेली, आंधळी, भयंकर चूक. त्यापुढची दोन वर्षं मात्र चूक नव्हेत. ती मी रोज सकाळी उठून, शुद्धीवर असताना केली आहेत.

तुझ्यावरही माझा राग आहे, ऐक. एवढं चालवायला शिकलास, हात गमावून परत उभा राहिलास, अर्धी चाळ तुझ्या अंगावर थुंकली तरी गाडीत बसलास, मग माझ्या एका फडक्यापुढं का वाकलास? मी तुला हाकललं होतं ना? पुढं निघून जायचंस! माझ्या तोंडावर धूळ उडवून, जिंकून, कप न घेता घरी यायचंस! मी जन्मभर जळत राहिलो असतो आणि तू जगला असतास. एवढा विश्वास कोणावर ठेवायचा असतो का, लेका?

असो. आता मी काय करणार ते सांगतो, आणि हे बोलणं नव्हे, शब्द आहे. रविवारी सभेत मी उभा राहीन. चाळीला सांगेन की बाबल घाबरला नव्हता, कप तो घेणार नव्हता, आणि वळणावर झेंडा माझा होता. पाटीवर तुझं नाव पहिलं येईल. ते न आल्यास पाटी मी रंगवणार नाही आणि दुसऱ्या कोणाला रंगवू देणार नाही. माझं नववं नाव मी आत्ताच यादीतून खोडलं आहे. शाई अजून ओली आहे. मारतील तर मारू देत. शांतारामचा हक्क पहिला.

पण आधी सुमन. जमावापुढं छाती पिटून तिला ते गर्दीत उभं राहून ऐकायला लावणं हा आणखी एक भेकडपणा झाला असता. उद्या साडेतीनला पाळी सुटते. ती जिना चढून येईल, हातपाय धुईल, मग मी तिच्या दारात जाईन आणि पहिल्यापासून सांगेन. मुठीसाठी आलास तेव्हा काय म्हणालास, इंजिन कसं वाजत होतं, हात कसा वर केलास, तू काय विचारलंस आणि मी काय उत्तर दिलं. शब्दाला शब्द. तिनं शिव्या दिल्या तर ऐकेन. काही फेकलं तर वाकणार नाही. आणि तिनं दार लावून घेतलं तर दाराबाहेर उभा राहून सांगेन, मोठ्यानं, तिला आतून ऐकू जाईपर्यंत.

तुझा हात ज्याच्यासाठी वर गेला, तो
अनंत